छोट्या चर्चची सॅक्रिस्टी एकट्याने सांभाळताना: आठवडा कुठून सुरू करायचा?

प्रश्न असा आहे: नागपुरातलं दीड-दोनशे माणसांचं चर्च, फादर एकच. रोज सकाळी मिस्सा, रविवारी दोन; एक हिंदी, एक मराठी. वेदीचं सामान आणि कपडे ठेवायची खोली म्हणजे सॅक्रिस्टी, ती सांभाळणारा सॅक्रिस्टन. जुने सॅक्रिस्टन वयामुळे थांबले आणि काम अचानक नव्या माणसाच्या गळ्यात आलं. कपाटात काय आहे ते कळतं, पण कधी काय करायचं आणि कुठे चुकतं ते कळत नाही.

सॅक्रिस्टीचा आठवडा रविवारी सुरू होत नाही, बुधवारी होतो. रविवारी सकाळी साडेसातला जे दिसतं ते सगळं शनिवारी रात्रीपर्यंत झालेलं असायला हवं. रविवारी सकाळी तुमच्याकडे फक्त दिवे लावणं आणि मोजणी, एवढंच उरलं पाहिजे.

बुधवारी आधी ऑर्डो उघडा. दरवर्षी निघणारी ही छोटी पुस्तिका सॅक्रिस्टीच्या दारामागे दोरीने टांगून ठेवा, नाहीतर ती फादरांच्या टेबलावर जाते आणि परत येत नाही. तिच्यात दिवस, त्याचा दर्जा, फादरांच्या वस्त्रांचा रंग आणि वाचनं दिलेली असतात. वाचनांचं चक्र लक्षात ठेवायची सोपी खूण अशी: रविवारची वाचनं अ, ब, क अशा तीन वर्षांची, ज्या सालाला 3 ने पूर्ण भाग जातो ते क वर्ष. 2025 क होतं, म्हणून 2026 अ, 2027 ब. रोजच्या मिस्साचं चक्र दोन वर्षांचं: विषम सालाला पहिलं, सम सालाला दुसरं. मात्र चर्चचं वर्ष 1 जानेवारीला नाही, आगमनकाळाच्या (नाताळाच्या तयारीचा काळ) पहिल्या रविवारी बदलतं, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला. दरवर्षी हमखास चूक होते ती याच रविवारी: लेक्शनरीची (वाचनांच्या पुस्तकाची) रिबन जुन्या वर्षावरच राहते आणि वाचक भलतंच वाचून मोकळा होतो.

ऑर्डो देशासाठी छापलेली असते, स्थानिक गोष्टी विचारून घ्याव्या लागतात. 24 जानेवारीला तिच्यात सेंट फ्रान्सिस द सेल्स यांची साधी स्मृती दिसेल. पण नागपुरातल्या सदर भागातलं कॅथेड्रलच त्यांच्या नावाचं आहे, म्हणून नागपूर महाधर्मप्रांताची त्या दिवसाची सूचना काय आहे ते आधीच फादरांना विचारा. 15 ऑगस्टला मरियामातेचं स्वर्गोन्नयन आणि झेंडावंदन एकाच सकाळी येतं. वेळ आधी जाहीर केली नाही तर अर्धी माणसं झेंड्याशी उभी आणि अर्धी बाकांवर बसलेली, असं होतं.

वाचकांना वाचन बुधवारीच पाठवा, फोनवर फोटो काढून पाठवलं तरी चालेल. शनिवारी रात्री मिळालेलं वाचन रविवारी अडखळतंच. ‘थेस्सलनीकाकरांस’, ‘हबक्कूक’ अशी बायबलातली नावं मोठ्याने तीनदा म्हणून यायला सांगा. माईक तोंडापासून वीतभर लांब. स्तोत्र शक्यतो गायचं असतं, म्हणून त्याचं धृपद गायनमंडळाच्या पेटीवाल्यालाही बुधवारीच कळवा. श्रद्धावंतांच्या प्रार्थना चार प्रकारच्या: चर्चसाठी, राज्यकर्ते आणि जगासाठी, दुःखितांसाठी, आपल्या समूहासाठी. आजाऱ्यांची नावं घ्या, आजाराचं वर्णन नको. घरच्यांनी फादरांना खासगीत सांगितलेलं सगळ्या चर्चला ऐकू जाण्याची गरज नसते.

गुरुवारी कपडे. या कामाला लोक हलकं समजतात, पण सॅक्रिस्टनचा हात खरा इथेच कळतो.

वेदीवर चॅलिसखाली (वाइनच्या प्याल्याखाली) पसरतो तो चौकोनी रुमाल म्हणजे कॉर्पोरल, साधारण 45 ते 50 सेंटीमीटरचा. चॅलिस पुसायचा लांबट रुमाल म्हणजे प्युरिफिकेटर. रोज मिस्सा असलेल्या छोट्या चर्चला 12 प्युरिफिकेटर आणि 5-6 कॉर्पोरल पुरतात. कापड सुती किंवा लिननचंच घ्या. टेरिकॉट पाणी शोषत नाही, चॅलिसमध्ये ओलावा तसाच राहतो.

हे कपडे थेट धोब्याकडे किंवा वॉशिंग मशीनमध्ये जात नाहीत. त्यांवर पवित्र होस्टचे (मिस्सातल्या पातळ भाकरीचे) कण आणि चॅलिसमधले थेंब असू शकतात, म्हणून पहिलं पाणी वेगळं. स्वच्छ पातेल्यात साधं थंड पाणी घ्या, साबण नको. कॉर्पोरल पाण्यावरच उलगडा, म्हणजे घडीत अडकलेले कण बाहेर न पडता पाण्यात पडतील. अर्धा तास भिजवून हाताने हलके खळबळा. ते पाणी मोरीत ओतायचं नाही. सॅक्रेरियम असेल तर त्यात, म्हणजे ज्या सिंकचा निचरा गटाराला न जाता थेट जमिनीत उतरतो त्यात. छोट्या चर्चमध्ये सॅक्रेरियम सहसा नसतं, तेव्हा आवारात जिथे पाय पडत नाही अशा ठिकाणी, झाडाच्या मुळाशी ओता. त्यानंतर दुसऱ्या पाण्यात साबण लावून नेहमीसारखे धुवा.

वाइनचा डाग असेल तर पहिल्याच थंड पाण्यात तो निघतो. गरम पाणी पडलं की डाग बसलाच म्हणून समजा. ब्लीच टाळा, सूत कुजतं. बोअरचं पाणी कठीण असेल तर कपडे सहा महिन्यांत पिवळट दिसायला लागतात. शेवटचं खळबळणं नळाच्या किंवा गाळलेल्या पावसाच्या पाण्यात केलं तर बराच फरक पडतो.

इस्त्री करताना कॉर्पोरलला हलकी खळ चालते, प्युरिफिकेटरला बिलकूल नको; खळ लागलेला प्युरिफिकेटर पुसत नाही, नुसता फिरतो. कॉर्पोरलची घडी आतल्या बाजूला तीन बाय तीन, म्हणजे उघडल्यावर नऊ चौकोन दिसले पाहिजेत. मिस्सानंतर ती त्याच घड्यांवर आतल्या आत मिटते आणि कण मध्येच राहतात. उलटी घडी पडली तर फादर उघडतील तेव्हा सगळं वेदीच्या कापडावर सांडेल. प्युरिफिकेटर लांबीत तीन पदरी.

शुक्रवारी सामानाची मोजदाद. नागपूरचं हवामान इथे आडवं येतं आणि बाहेरगावच्या कुठल्याही पुस्तकात ते लिहिलेलं नसतं.

होस्ट नुसत्या गव्हाचं पीठ आणि पाणी, दुसरं काही नाही. लोकांसाठीचे साधारण 28-30 मिलिमीटरचे, फादरांचा 7 सेंटीमीटरच्या आसपास. मे महिन्यात ते इतके कोरडे होतात की कडेने वर वळतात, हात लावला की कपच्या उडतात. जुलै-ऑगस्टमध्ये ओलावा धरून चामड्यासारखे होतात आणि वास येतो. म्हणून उन्हाळ्यात महिन्याचा साठा चालेल, पावसाळ्यात दोन आठवड्यांहून जास्त घेऊ नका. डबा घट्ट झाकणाचा हवा. प्लास्टिकच्या पिशवीला रबरबँड लावून भागत नाही. नवे होस्ट जुन्यांवर ओतू नका. आधी जुने संपवा, डब्यावर आणल्याची तारीख चिकटवा. गव्हाचा त्रास असलेल्यासाठी कमी ग्लुटेनचे होस्ट चालतात, ग्लुटेन अजिबात नसलेले चालत नाहीत. ते वेगळ्या छोट्या डबीत ठेवून फादरांना मिस्साआधी दाखवा, दुसऱ्या होस्टांशी एकत्र करू नका.

मिस्साची वाइन द्राक्षाची, शुद्ध, काही न मिसळलेली असावी लागते. ती महाधर्मप्रांताने ठरवून दिलेल्या ठिकाणाहूनच घ्या. दुकानातली बाटली चांगल्या कंपनीची असली तरी तिच्यात काय घातलं आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं. एका मिस्साला 30 ते 40 मिलिलिटर लागते. आठवड्याला आठ मिस्सा धरल्या तर 300 मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे 750 ची बाटली अडीच आठवडे जाते. पण उघडलेली बाटली मे महिन्यात सॅक्रिस्टीच्या कपाटात अडीच आठवडे टिकत नाही. पॅरिश हाउसच्या फ्रिजमध्ये ठेवा किंवा उघडल्याबरोबर छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरून बंद करा. आंबट वास आला, व्हिनेगरसारखी लागली, तर ती मिस्साला चालणार नाही. क्रूएटमध्ये (वेदीवर वाइन आणि पाणी न्यायच्या छोट्या सुरईत) उरलेली वाइन परत बाटलीत ओतू नका. दुसऱ्या दिवशी चिलटं तीच दाखवून देतील.

आणि क्रूएटवर खूण हवी. पांढरी वाइन आणि पाणी काचेत सारखंच दिसतं. लहान सर्व्हरने उलटं दिलं आणि फादरांनी चॅलिसमध्ये पाणीच ओतलं, असं होऊ शकतं. हे प्रतिष्ठापनेनंतर, म्हणजे होस्ट आणि वाइनवरचे पवित्र शब्द म्हणून झाल्यावर, लक्षात आलं तर फादरांना ते पाणी एका भांड्यात काढून, चॅलिसमध्ये वाइन आणि थोडं पाणी घेऊन, चॅलिसवरचे शब्द पुन्हा म्हणावे लागतात. होस्टसाठी पुन्हा म्हणावे लागत नाहीत. असं झालं तर तुम्ही घाबरून पुढे धावू नका, वाइनची बाटली तेवढी हाताशी ठेवा. वाइनच्या क्रूएटच्या गळ्यात लाल दोरा बांधला की हा प्रकारच घडत नाही.

मेणबत्त्यांचं दुखणं उन्हाळ्यातलं. दुपारी 45 अंश असताना बंद चर्चमध्ये उभ्या ठेवलेल्या मेणबत्त्या कमान टाकतात. पुनरुत्थानाची मोठी मेणबत्ती तर ईस्टरनंतर पन्नास दिवस उभी असते, म्हणजे नेमकी एप्रिल-मेमध्ये. रोजची मिस्सा झाल्यावर ती उतरवून कपड्यात गुंडाळून सपाट फळीवर आडवी ठेवा. वाकलेली साधी मेणबत्ती कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून ओट्यावर लाटली की सरळ होते. गरम पाण्यात टाकली तर वितळून वातच हातात राहते. एकाच बाजूने जळत असेल तर मेणबत्ती बदलू नका, वरचा पंखा बंद करा. रोजच्या मिस्साला दोन पुरतात, रविवारी चार किंवा सहा लावा.

कूलरशिवाय इथे मार्च ते जून निघत नाही, ते मान्य. पण त्याचं तोंड वेदीकडे नको. उघड्या सिबोरियममधले (लोकांच्या होस्टच्या भांड्यातले) होस्ट उडतात, कॉर्पोरलचा कोपरा पॅटनवर (फादरांच्या होस्टच्या थाळीवर) पलटतो, आणि गार दमट हवेने टेबलावर काढून ठेवलेले होस्ट मऊ पडतात. कूलर बाकांच्या रांगेत, मागून पुढे नको, आडवा लावा, आणि होस्ट टेबलावर झाकूनच ठेवा. प्रतिष्ठापनेच्या वेळी तो बंद करायचा की नाही, यावर प्रत्येक चर्चमध्ये भांडण असतं. माझं मत: आवाज करणारा असेल तर बंद करा, पाच मिनिटांत कोणी वितळत नाही.

दारातल्या पवित्र पाण्याच्या भांड्यात पावसाळ्यात डासांच्या अळ्या होतात. दर शुक्रवारी जुनं पाणी झाडाला घाला, भांडं घासा, मगच नवं भरा. नुसती भर घालत राहणं हा आळस आहे, आणि डेंग्यूच्या दिवसांत तो महागात पडतो.

आठवड्यातल्या भक्ती चर्चनिहाय बदलतात. बहुतेक ठिकाणी बुधवारी निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेचा नोव्हेना, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येशूच्या पवित्र हृदयाची मिस्सा आणि आराधना, प्रायश्चित्तकाळातल्या (ईस्टरआधीचा उपवासकाळ) शुक्रवारी चौदा स्थानांची क्रूसाची वाट, ऑक्टोबरात घरोघरी रोझरी. रोझरीचं वेळापत्रक लावताना विजयादशमीचे दिवस पाहा. दीक्षाभूमीला येणाऱ्या गर्दीने त्या बाजूचे रस्ते संध्याकाळी बंद असतात आणि माळ घेऊन निघालेली माणसं वाटेतच अडकतात.

आराधनेला धूप लागतो. कोळसा नारळाच्या करवंटीचा घेतलात तर पंधरा-वीस मिनिटं आधी पेटवा. राखेचा करडा थर चढेपर्यंत त्यावर धूप टाकू नका. काळ्या कोळशावर टाकला तर धुराबरोबर जळका वास येतो आणि पहिल्या रांगेतले खोकायला लागतात. एका वेळी चहाचा अर्धा चमचा धूप पुष्कळ.

आजाऱ्यांना कम्युनियन (प्रतिष्ठापित होस्ट) पहिल्या शुक्रवारी जातं तिथे यादी सॅक्रिस्टनने ठेवायची असते: नाव, घर, जिना किती मजले, गिळायला त्रास आहे का. घरच्यांनी छोटं टेबल, पांढरं कापड, मेणबत्ती, पेलाभर पाणी तयार ठेवावं. एक तासाच्या उपवासाचा नियम आजारी, वृद्ध आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागू नाही. औषध घेतलं म्हणून कोणी कम्युनियन चुकवू नये, हे त्यांना सांगा. पिक्स (त्या होस्टची छोटी डबी) नेणाऱ्याने वाटेत कुठे चहाला थांबू नये, भाजीही घेऊ नये. सरळ जावं आणि सरळ यावं.

शनिवारी संध्याकाळी सॅक्रिस्टीच्या टेबलावर फादरांचे कपडे उलट्या क्रमाने मांडा: सगळ्यात खाली चाझुबल (वरचा रंगीत झगा), वर स्टोल (गळ्यातला पट्टा), मग कमरेची दोरी, मग आल्ब (पांढरा लांब झगा), सगळ्यात वर अमिस (मानेभोवतीचं कापड). ते घालतात त्या क्रमाने एकेक उचललं जातं. रंग ऑर्डोतून पुन्हा बघा. फुलं सीताबर्डीच्या बाजारातून शनिवारी संध्याकाळी आणली तर रविवारपर्यंत झेंडू आणि शेवंती टवटवीत राहतात. गुलाब उन्हाळ्यात रात्रभरात मान टाकतो. प्रायश्चित्तकाळात वेदीवर फुलं नाहीत, अपवाद त्यातला चौथा रविवार आणि मोठे सण. आगमनकाळात फुलं चालतात, पण हात आखडता. सणाला पंचारती करणार असाल तर तिचं ताट वेदीवर नको, बाजूच्या टेबलावर. 1969 साली रोमने भारतासाठी मान्य केलेल्या बारा गोष्टींत आरती, अंजलिमुद्रेने नमस्कार, तेलाचे दिवे हे सगळं येतं, त्यामुळे कोणी नाक मुरडलं तर वाद घालत बसायची गरज नाही.

रविवारी खरी परीक्षा मोजणीची.

टॅबर्नॅकलमध्ये (प्रतिष्ठापित होस्ट ठेवायच्या कुलुपाच्या पेटीत) किती होस्ट आहेत ते फादरांना शनिवारीच विचारा. आजाऱ्यांसाठी 30-40 राहिले की पुरे. फार साठवू नयेत, दर दोन आठवड्यांनी आणि पावसाळ्यात दर आठवड्याला ते वापरून नवे ठेवले जावेत. लोकांना त्याच मिस्सात प्रतिष्ठापित झालेले होस्ट मिळावेत, हे इष्ट. म्हणून पहिलं वाचन चालू असताना मागे उभ्या स्वयंसेवकाने डोकी मोजावीत. त्यातून पहिलं कम्युनियन न झालेली मुलं आणि इतर पंथांचे पाहुणे वजा करा. 160 माणसं असली तर साधारण 115 ते 120 घ्यावे लागतात. दहा-दहाच्या चवडी लावून मोजा. अंदाजाने ओतलेलं सिबोरियम नेहमी एकतर ओसंडतं, नाहीतर शेवटच्या दोन रांगांना कमी पडतं. कमी पडले तर फादर होस्टचे तुकडे करतात किंवा टॅबर्नॅकल उघडतात, त्यात अडचण काही नाही.

अडचण वेगळीच असते. दुसरं सिबोरियम भरलं, बाजूच्या टेबलावर ठेवलं आणि अर्पणाच्या वेळी वेदीवर न्यायचंच राहिलं. कम्युनियनच्या वेळी घाईत कोणीतरी तेच उचललं, तर लोकांना साधी भाकर वाटली जाते. म्हणून न भरलेलं, भरलेलं आणि प्रतिष्ठापित, तिन्ही एका टेबलावर कधीच नकोत. भरलेलं असेल ते अर्पणाच्या मिरवणुकीतच द्या, म्हणजे मागे राहायला काही उरतच नाही. चुकून राहिलंच आणि तुमच्या लक्षात आलं, तर लाजू नका, तिथल्या तिथे फादरांच्या कानात सांगा.

सूचना कम्युनियननंतरच्या प्रार्थनेनंतर आणि आशीर्वादाआधी, तीन मिनिटांत. आठ सूचना असतील तर पाच नोटीस बोर्डावर जातात.

दानाची पेटी दोघांनी मिळून मोजायची, आणि ते दोघे एका घरातले नकोत. आकडा लिहून दोघांची सही, सोमवारी बँकेत. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. सही असली की मोजणाऱ्यावरच उद्या बोट येत नाही. मिस्साच्या हेतूंची (मिस्सा कोणासाठी किंवा कशासाठी अर्पण करायची त्याची) वही मात्र फोनवर चालवू नका. तारीख, वेळ, हेतू, कोणी दिला, किती दिले, मिस्सा झाली का, असे रकाने. एका मिस्साला एकाच कुटुंबाचा हेतू, आणि रविवारची एक मिस्सा पॅरिशच्या सगळ्या लोकांसाठी असते, ती कोणाला देता येत नाही. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, तीन कुटुंबं एकाच वेळेची मागणी करतात; वही समोर असेल तर तेव्हाच कळतं, तोंडी घेतलं असेल तर दारात कळतं.

बाप्तिस्म्याचा दाखला मागायला लोक रविवारीच येतात. दाखला ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथूनच मिळतो, कारण दृढीकरण आणि लग्नाच्या नोंदी त्याच पानाच्या समासात होत जातात. अमरावतीकडून आलेल्या कुटुंबांना कधी वाटतं की नागपूरच्या कार्यालयात सगळं असेल, कारण 1955 पर्यंत अमरावती नागपूरच्याच अखत्यारीत होतं. मूळ वही तरीही त्या पॅरिशमध्येच असते. लग्नासाठी नवा दाखला लागतो, साधारण सहा महिन्यांच्या आतला; घरी फ्रेम करून ठेवलेला चालत नाही. आणि वही घरी न्यायला कोणालाही देऊ नका, फोटो काढायलाही नाही. नोंद तुम्ही शोधा, दाखला फादर देतील.

झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरआधीचा रविवार) शिंदीच्या झावळ्या टाकून देऊ नका, लोकांकडूनही परत घ्या आणि सुकवून पोत्यात ठेवा. पुढच्या राखेच्या बुधवारआधी, कपाळाला राख लावतात त्या दिवसाआधी, लोखंडी कढईत पूर्ण जाळा, थंड झाल्यावर मलमलच्या कापडातून चाळा. राखेत पाणी घालून लगदा करू नका. झाडाच्या राखेत क्षार असतो, ओली राख कपाळाला चरचरते आणि नाजूक कातडीवर फोडही येतो. कोरडीच वापरा, फार तर थेंबभर तेल.

रविवारी शेवटची मिस्सा झाल्यावर सगळे गप्पा मारत बाहेर जातात, मुलं धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसतात, आणि सॅक्रिस्टीत तुम्ही एकटे उरता. तेव्हा चॅलिस, पॅटन कोरडे पुसून कपाटात. मेणबत्त्यांच्या वाती मोडून विझवू नका, झाकणीने विझवा. इन्व्हर्टरचा दिवा बघा. टॅबर्नॅकलजवळचा लाल दिवा जळतोय ना, ते जवळ जाऊन बघा, लांबून काच चमकते तेव्हा तो विझलेलाही पेटल्यासारखा दिसतो. टॅबर्नॅकलची किल्ली सॅक्रिस्टीतल्या खिळ्याला टांगायची नाही. ती फादरांच्या हातात द्या आणि दिल्याचं तोंडाने सांगा.